थांबलं तर क्रूझ स्वस्त मिळते, पण कुणाला?

वाचकाचा प्रश्न

घरातली सहा माणसं: पती-पत्नी, १३ आणि ८ वर्षांची दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. सगळ्यांनी मिळून भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करायची असं ठरलं आहे. मुलांच्या सुट्टीचे पाच आठवडे सोडून दुसरे दिवस चालणार नाहीत, आणि त्याला अजून दहा महिने आहेत. नणंद आणि तिचे यजमान गेल्या नोव्हेंबरात जहाज सुटायला तीन आठवडे असताना बुकिंग करून जवळपास निम्म्या भाड्यात जाऊन आले. त्यामुळे पतींचा आग्रह आहे की शेवटपर्यंत थांबायचं. इकडे कंपनीचे निरोप रोज येताहेत: ‘दुसऱ्या प्रवाशाला ७० टक्के सूट, आज रात्रीपर्यंतच’. आत्ता घेतलं आणि पुढे भाडं उतरलं तर मनाला लागेल; थांबलो आणि जागाच उरली नाही तर मुलांचा हिरमोड. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून दोन्ही केबिन जवळजवळ आणि लिफ्टपाशी हव्यात. ‘सगळ्यात मोठी सूट नेमकी कोणत्या महिन्यात मिळते?’ असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर

तुम्ही महिना विचारलात, तर आधी तेवढंच सांगून टाकू. जाहिरातींचा जोर जानेवारी ते मार्च असतो. या धंद्यात त्याला ‘वेव्ह सीझन’ म्हणतात. दुसरा जोर नोव्हेंबरच्या शेवटी, ब्लॅक फ्रायडेच्या आसपास. पण या दिवसांत मूळ भाडं फार उतरतंच असं नाही. बहुतेक वेळा त्याला काहीतरी जोडून देतात: जहाजावर खर्चायला क्रेडिट, कमी अनामत, पेयांचं पॅकेज, वायफाय. या गोष्टी तुम्ही एरवीही पैसे देऊन घेतल्या असत्या, तरच त्यांना सूट म्हणायचं. घरात मद्य कुणीच घेत नसेल तर पेयांच्या पॅकेजचा तुम्हाला काय उपयोग?

पण तुमची खरी अडचण महिन्याची नाहीच. ‘भाडं कधीतरी तळाला जातं आणि तो दिवस गाठायचा’ असं तुमच्या घरात सगळ्यांनी धरलं आहे. पती म्हणतात तो दिवस शेवटी येतो, जाहिरात म्हणते तो आजच आहे. एका जहाजाचं एकच भाडं असतं तर ही ओढाताण समजण्यासारखी होती. प्रत्यक्षात एकाच सफरीवर केबिनचे वीस-तीस प्रकार विकायला असतात आणि प्रत्येक प्रकाराचं भाडं तो प्रकार किती भरला आहे त्यावर वेगळं हलतं. एकाच आठवड्यात आतल्या, बिनखिडकीच्या केबिनचं भाडं चढतं आणि बाल्कनीचं उतरतं, असंही होतं. सफर विक्रीला येते दीड-दोन वर्षं आधी. तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत ही वर-खाली चालूच असते.

शेवटी भाडं का पाडतात तेही बघा. जहाज सुटलं की रिकाम्या केबिनची कमाई कायमची बुडाली. शिवाय माणूस जहाजावर चढला की पेयं, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा, फोटो, कॅसिनो यांवर खर्च करतो. म्हणून कमी भाड्यात का होईना, केबिन भरलेली कंपनीला परवडते. भाडं पाडायची वेळ साधारण ठरलेली असते. आधी बुकिंग केलेल्यांना सफरीच्या काही दिवस आधी पूर्ण पैसे भरावे लागतात. ही मुदत कंपनी आणि सफरीची लांबी यांनुसार बहुधा ७५ ते १२० दिवस आधीची असते. मुदत आली की डळमळीत लोक बुकिंग सोडून देतात आणि कंपनीला खरं चित्र कळतं. जागा बऱ्याच उरल्या असतील तर पुढच्या चार-सहा आठवड्यांत भाडं उतरतं. उरल्या नसतील तर उलट चढतं. थांबणाऱ्याला फायदा मिळतो तो एवढ्यापुरताच, आणि तो दुसऱ्यांनी नको म्हटलेल्या केबिनवर मिळतो.

आता नणंदबाईंची सफर या हिशोबात ठेवून पाहा. दोनच प्रौढ माणसं. नोव्हेंबर, म्हणजे भूमध्य समुद्रातला हंगाम ओसरलेला. कुठलीही केबिन चालेल, गेलो नाही तरी बिघडणार नाही. त्यांनी केलं ते त्यांच्यापुरतं अगदी बरोबर होतं. तुमच्याकडे यातली एकही गोष्ट नाही. माणसं सहा, आठवडे ठरलेले, केबिन विशिष्ट जागी हवी. तुमच्या यजमानांची काटकसरीची इच्छा चुकीची नाही, पण नणंदबाईंचा मार्ग तुमच्या घराला लागू पडत नाही, हे त्यांना असं समोरासमोर मांडून सांगा.

याला आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. जहाजावर प्रत्येक प्रवाशाला लाइफबोटीत जागा नेमून दिलेली असते आणि जहाजाच्या प्रत्येक भागासाठी ती संख्या मर्यादित असते. बऱ्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग असतो, पण त्या भागाच्या लाइफबोटीची संख्या भरली की दोनच माणसांना ती केबिन मिळते. म्हणून संकेतस्थळावर दोघांसाठी भरपूर केबिन दिसतात, आणि चार जण टाकले की ‘उपलब्ध नाही’ येतं. शाळांच्या सुट्टीतल्या सफरींवर हे सगळ्यात आधी होतं, कारण जहाजभर मुलंच असतात. चौघांच्या केबिन, मधल्या दाराने जोडलेल्या केबिन, व्हीलचेअर जाईल अशा केबिन आणि एकट्या माणसासाठीच्या केबिन, या चार प्रकारांत शेवटपर्यंत थांबणं हा मुळात पर्यायच नाही. संख्याच थोडी असते.

त्यामुळे सल्ला असा: आत्ता बुक करा, पण अशा पद्धतीने की भाडं उतरलं तर त्याचा फायदा तुम्हालाही मिळेल.

सगळं अनामतीच्या प्रकारावर आहे. बऱ्याच कंपन्या एकाच केबिनला दोन भाडी दाखवतात: अनामत परत मिळणारं, आणि परत न मिळणारं पण थोडं कमी. दुसऱ्यात नंतर जहाज किंवा तारीख बदलायची झाली तर माणशी दंड लागतो. तुमच्याकडे दोन वडीलधारी माणसं आहेत आणि दहा महिने जायचे आहेत. तुमच्या जागी परत मिळणारी अनामतच योग्य, भाड्यातला फरक सोसूनसुद्धा. काही देशांतल्या विक्रीत मात्र अनामत कधीच परत मिळत नाही. तिथे तेवढी रक्कम जागा धरून ठेवण्याची किंमत समजायची, आणि ती कमीत कमी असेल तेव्हा, म्हणजे बहुधा वेव्ह सीझनमध्ये, भरायची.

पैसे भरण्याआधी कंपनीला किंवा एजंटला हे लेखी विचारून घ्या: पूर्ण पैसे भरायची नेमकी तारीख कोणती, त्याआधी भाडं उतरलं तर आमचं भाडं त्या दरावर आणून देता का, आणि तसं करताना आधी मिळालेलं क्रेडिट वा पॅकेज जातं का. बहुतेक मोठ्या कंपन्या मुदतीआधी भाडं खाली आणून देतात, पण आपणहून नाही, मागावं लागतं. आणि ते त्या दिवशी चालू असलेल्या योजनेच्या अटींवर देतात. भाडं थोडं उतरलं, पण जुन्या योजनेतलं क्रेडिट गेलं, असं झालं तर एकूण तोटाच होऊ शकतो. म्हणून संकेतस्थळावर ‘बदल करा’ हे बटण स्वतः दाबू नका. काही ठिकाणी ते दाबताच जुनी योजना निघून जाते. आधी फोन करा, दोन्ही एकूण रकमा ऐका, मग होकार द्या आणि नवं बिल मेलवर मागवून घ्या.

मुदत ९० दिवसांची धरली तर दहा महिन्यांपैकी साधारण ३० आठवडे तुमच्या हातात आहेत. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तेच जहाज, तीच तारीख, तोच केबिन प्रकार, तेवढीच माणसं टाकून एकूण रक्कम वहीत उतरवा. प्रकाराचा कोड बिलावर छापलेला असतो. तो जुळला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच केबिनच्या भाड्याशी तुलना होते. तुमच्या वरच्या प्रकाराचं भाडंही बघत राहा. खिडकीची केबिन तुम्ही ज्या भाड्यात घेतली त्याच भाड्यात बाल्कनी आलेली कधीकधी दिसते. तेव्हा पैसे परत मागण्यापेक्षा वर सरकणं चांगलं. मुदतीआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत रोज बघा. मुदतीची तारीख यजमानांच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये आठवण लावून ठेवा. ती उलटली की बुकिंग रद्द करणाऱ्याचा दंड टप्प्याटप्प्याने वाढतो आणि शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत बहुधा सगळी रक्कम जाते. मुदतीनंतर भाडं उतरलं तर फरक परत मिळत नाही; तरी विचारून बघावं, कधी जहाजावर खर्चायचं क्रेडिट किंवा वरची केबिन देतात.

एजंटमार्फत घ्यायचं की थेट? भाडं बहुधा सारखंच असतं. चांगल्या एजंटने आधीच गटासाठी जुन्या दराने केबिन धरून ठेवलेल्या असतात आणि तो स्वतःच्या कमिशनमधून थोडं क्रेडिटही देतो. पण एजंटकडून घेतलं की पुढचे सगळे बदल त्याच्यामार्फतच. कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही. म्हणून भाडं उतरल्यावर तो फोन करणार का, आणि बुकिंग रद्द केल्यास कंपनीव्यतिरिक्त त्याचा स्वतःचा दंड किती, हे आधी विचारा.

आता त्या ‘७० टक्के’ जाहिरातीकडे. क्रूझचं भाडं केबिनमागे दोन माणसं धरून माणशी सांगतात. समजा मूळ भाडं माणशी १००. दुसऱ्याला ७० टक्के सूट म्हणजे त्याचे ३०, दोघांचे १३०, माणशी ६५. म्हणजे सूट झाली ३५ टक्के, आणि तीसुद्धा कंपनीने ठरवलेल्या १०० वर. दुसरी कंपनी काहीही न गाजवता माणशी ६२ लावत असेल तर तीच स्वस्त. ‘तिसरा-चौथा प्रवासी मोफत’ हेही असंच तपासा. पहिल्या दोघांचे १०० प्रमाणे २०० आणि मुलं मोफत. त्यापेक्षा पहिल्या दोघांचे माणशी ७० आणि मुलांचे माणशी २५ असले तर चौघांचे १९० च होतात. आणि मोफत म्हटलेल्या मुलांनाही बंदराचे कर लागतातच.

‘आज रात्रीपर्यंतच’ला घाबरू नका. एक योजना संपली की दुसरी वेगळ्या नावाने सुरू होते, बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी. वहीतले तीन-चार आठवड्यांचे आकडे समोर असले की ही घाई आपोआप ओसरते.

तुलना नेहमी सहा जणांच्या अखेरच्या बिलाची करा. त्यात भाडं, बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेची टिप, असते. ग्रॅच्युइटी बहुतेक कंपन्यांत माणशी, रोजची असते आणि अगदी तान्ही मुलं सोडली तर लहानांचीही लागते. सहा माणसं, सात रात्री: रोजची रक्कम गुणिले ४२. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून लपवलेल्या शुल्कांविरुद्ध कायदा लागू झाल्यापासून अमेरिकी कंपन्या तिथल्या ग्राहकांना कर धरून भाडं दाखवू लागल्या. ग्रॅच्युइटी मात्र त्यानंतरही वेगळीच राहिली. दुसऱ्या बाजारांत करही वेगळे दिसू शकतात, म्हणून अखेरच्या पानापर्यंत जाऊनच आकडा लिहा.

तुमच्या घरासाठी खरी बचत मला दोन ठिकाणी दिसते. पहिली, माणसांची वाटणी. चौघं एका केबिनमध्ये आणि सासू-सासरे दुसरीत, हे तुम्ही धरून चालला आहात. तीन-तीन करून बघा. दोन्ही प्रकारांत पूर्ण भाडं चौघांचं आणि कमी भाडं दोघांचंच पडतं. पण चौघांची केबिन दुर्मिळ आणि बऱ्याचदा महागड्या प्रकारात असते, तिघांची त्या मानाने सहज मिळते. १३ वर्षांचं मूल आजी-आजोबांच्या केबिनमध्ये झोपलं तर रात्री त्यांना सोबतही होते. शेजारशेजारच्या केबिन घ्या आणि दोन्ही बुकिंग एकमेकांशी जोडून घ्यायला सांगा.

दुसरी बचत आठवडा आणि बंदर निवडण्यात. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे भूमध्य समुद्रात भाडं तेव्हा सगळ्यात चढं. तुमचे पाच आठवडे एप्रिल-मे किंवा जूनच्या सुरुवातीला येत असतील तर तुम्ही आपोआप स्वस्त भागात आहात. जुलैला लागून येत असतील तर त्याच्या आधीचा, पहिला आठवडा धरा. पाचही आठवड्यांचं एकूण बिल शेजारी शेजारी मांडलंत तर आठवडा बदलल्याचा फरक बहुधा कुठल्याही ‘सेल’पेक्षा मोठा दिसेल. शिवाय एमएससी आणि कोस्टा यांच्यासारख्या कंपन्यांच्या गोल फेऱ्यांमध्ये बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया अशा वेगवेगळ्या बंदरांवरून चढता येतं. जहाज तेच, बंदरंही तीच, पण कुठून चढता त्यावर भाडं बदलतं. तिथवरचं विमान आणि बंदरापर्यंतची गाडी त्यात धरा. चिवितावेक्किया ‘रोमचं बंदर’ म्हणून लिहिलेलं असलं तरी रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. जहाज त्याच वर्षी पाण्यात उतरलेलं असेल तर त्याच्या नवेपणाचेही पैसे पडतात. त्याच कंपनीचं आठ-दहा वर्षांचं, मध्यम आकाराचं जहाज सासूबाईंच्या गुडघ्यांनाही सोयीचं, कारण चालायचं अंतर कमी.

‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त भाडं दिसेल. त्यात प्रकार तुम्ही निवडता, केबिन क्रमांक कंपनी देते, कधीकधी अगदी शेवटच्या दिवसांत. तुम्ही ते घेऊ नका. दोन केबिन वेगवेगळ्या मजल्यांवर येऊ शकतात आणि नंतर बदलून मिळत नाहीत. क्रमांक स्वतः निवडताना जहाजाचा नकाशा उघडा: मध्यभागी, लिफ्टच्या जवळ पण अगदी समोर नाही, खालच्या-मधल्या मजल्यावर. तिथे हेलकावे कमी जाणवतात. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. वर पूल किंवा जेवणाचा हॉल असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री.

ज्यांचं घर तुमच्यापेक्षा वेगळं आहे अशा वाचकांना थांबणं फायद्याचं ठरू शकतं. दोघंच आहात, बंदर गाडीने गाठण्यासारखं आहे, व्हिसाचा प्रश्न नाही आणि गॅरंटी केबिन चालते, तर पूर्ण पैसे भरायच्या मुदतीनंतरचे आठवडे तुमचे. तेही हंगामाच्या कडेला: अलास्कात मे आणि सप्टेंबर, कॅरिबियनमध्ये डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. कॅरिबियन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याहून स्वस्त असतं, पण तो चक्रीवादळांच्या हंगामाचा (१ जून ते ३० नोव्हेंबर) सगळ्यात जोराचा काळ. वादळ आलं तर जहाज दुसऱ्याच बंदरांना जातं आणि त्याबद्दल बहुधा फक्त चुकलेल्या बंदराचे कर परत मिळतात. वेळ भरपूर असेल तर वसंतात कॅरिबियनहून युरोपला आणि शरदात उलट जाणाऱ्या जहाजांच्या स्थलांतर-सफरी दर रात्रीमागे फार स्वस्त पडतात. मात्र दिवसचे दिवस नुसता समुद्र आणि परतीचं एकेरी विमान, हे मान्य हवं. एकट्याने जाणाऱ्यांना बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं. त्यांनी एकट्याच्या केबिन विक्रीला येताच घ्याव्यात.

परत तुमच्याकडे. शेवटच्या क्षणाचं बुकिंग तुम्हाला न जमण्याचं आणखी एक कारण कागदपत्रांत आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात, आणि त्याआधी भेटीची वेळ मिळवावी लागते. पूर्ण पैसे भरायच्या मुदतीआधी व्हिसा हातात यावा अशा बेताने, सहा महिने उरताच अर्ज टाका. मधल्या एखाद्या बंदरासाठी जहाज शेंगेन देशांबाहेर जात असेल तर पुन्हा आत येता यावं म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा. विमानाची तिकिटं साधारण अकरा महिने आधी विक्रीला येतात. सहा जागा एकत्र हव्या असताना सुट्टीच्या तोंडावर ती इतकी महागतात की क्रूझवर वाचलेलं सगळं तिथे जातं. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोचा, जहाज थांबत नाही. आणि विमा अनामत भरली त्याच आठवड्यात घ्या: काही पॉलिसींत आधीपासूनच्या दुखण्यांना संरक्षण मिळायचं तर अनामतीनंतर दोन-तीन आठवड्यांतच विमा घ्यावा लागतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचा उल्लेख अर्जात स्पष्ट करा.

या आठवड्यात एवढं करा: पाचही आठवड्यांची, तीन-तीनच्या वाटणीची एकूण बिलं काढा आणि त्यातले सगळ्यात स्वस्त दोन आठवडे बाजूला ठेवा. कंपनीला फोन करून त्या आठवड्यांत तिघांच्या, शेजारशेजारच्या, लिफ्टजवळच्या दोन केबिन किती उरल्या आहेत ते विचारा. चार-पाचच जोड्या उरल्या असतील तर वेव्ह सीझनची वाट पाहू नका. परत मिळणारी अनामत भरा आणि दर आठवड्याची वही यजमानांकडे सोपवा.